हॉटस्पॉटवरचा डेटा कोण खातंय? विंडोजमध्ये एकेका प्रोग्रॅमचं इंटरनेट बंद करायची रीत

तारकर्ली-देवबाग पट्ट्यातल्या एखाद्या न्याहारी-निवासाच्या काउंटरवरचा कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आणा. फायबर चालू आहे तोवर कोणाचं काही अडत नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, किंवा लाईट गेली आणि राउटर इन्व्हर्टरवर नाही, की खिशातल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू होतो. बऱ्याच प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला दीड किंवा दोन जीबी मिळतात. ते संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ केबी. एक एमबीची पीडीएफ उतरायला दोन मिनिटांच्या वर लागतात. परदेशी पाहुणा आला तर तो मुक्कामाला असल्याचं सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायचा असतो. तो या वेगात भरून बघा.

दोन जीबी जातात कुठे, हे कोडं फार अवघड नसतं. ६० एमबीपीएसने शूट केलेला चार मिनिटांचा स्कूबाचा व्हिडिओ साधारण १.८ जीबीचा होतो. पाहुण्याला पेन ड्राइव्हवर द्यायला म्हणून तो कार्डवरून कॉम्प्युटरवर उतरवला आणि फोटो सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमने तो लगेच वर चढवायला घेतला, की नाश्त्याच्या ताटल्या उचलायच्या आत दिवसाचा डेटा आटोपतो. प्रोग्रॅममध्ये ‘पॉज’चं बटण असतं, पण ते दाबायचं कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि बऱ्याच प्रोग्रॅमांत ते काही तासांनी आपोआप सुटतं. म्हणून प्रोग्रॅमच्या भरवशावर न राहता दार ऑपरेटिंग सिस्टिमकडून लावून घ्यायचं. विंडोजमध्ये ती सोय आधीपासून आहे, तिचं नाव फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

आधी खाणारा शोधा

विंडोज ११मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’ आणि मग ‘डेटा युसेज’. विंडोज १०मध्ये तेच ‘स्टेटस’च्या पानावर सापडतं. वरच्या यादीतून वायफाय निवडा. गेल्या ३० दिवसांत कोणी किती डेटा ओढला ते प्रोग्रॅमवार दिसेल. यादीत ‘सिस्टम’ हे नाव वर असेल तर ते विंडोजचं स्वतःचं काम आहे, त्याच्यामागे लागू नका. त्याचा इलाज वेगळा आहे, तो पुढे येतोच.

आत्ता या क्षणी कोण ओढतंय हे पाहायचं तर ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडा आणि ‘नेटवर्क’ टॅबवर जा. ‘सेंड’च्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त वर पाठवणारा पहिला येतो.

आता टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये तेच नाव शोधा, राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या. जो फोल्डर उघडेल तो लिहून ठेवा. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून अंदाज बांधू नका. आयकॉन पुष्कळदा नुसता लाँचर असतो आणि खरं काम दुसरीच ईएक्सई फाइल (प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणारी फाइल) करते.

सगळे फसतात ती यादी

कंट्रोल पॅनलमध्ये फायरवॉलच्या पानावर ‘अलाऊ ॲन ॲप’ अशी यादी आहे. तिथली टिक काढली की प्रोग्रॅमचं इंटरनेट बंद झालं, असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. ती यादी बाहेरून आत येणाऱ्या जोडण्यांची आहे. विंडोजचा मूळ पवित्रा असा: बाहेरून कोणी न बोलावता आला तर अडवा, आतून बाहेर जायचं असेल त्याला जाऊ द्या. सिंक करणारा प्रोग्रॅम आतून बाहेर जातो, म्हणून त्या टिकेचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. आपल्याला नियम लिहायचा तो ‘आउटबाउंड’चा.

नियम लिहिणे

ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड जवळ असू द्या. स्टार्टमध्ये इंग्रजीत फायरवॉल असं टाइप केलं की दोन नावं येतील. त्यातलं लांब नाव हवं, ज्याच्या शेवटी ‘विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ आहे.

उघडल्या उघडल्या पहिलं काम: उजवीकडे ‘एक्स्पोर्ट पॉलिसी’ दाबून आताची सगळी व्यवस्था एका फाइलमध्ये ठेवा. पुढे काही बिघडलं तर ‘इम्पोर्ट’ करून जसंच्या तसं परत येता येतं. हे दोन मिनिटांचं काम लोक टाळतात आणि मग तासभर निस्तरत बसतात.

मग असं करा:

१. डावीकडे ‘आउटबाउंड रूल्स’, उजवीकडे ‘न्यू रूल’.
२. प्रकार ‘प्रोग्रॅम’.
३. ‘धिस प्रोग्रॅम पाथ’, ‘ब्राउज’, आणि मघाशी लिहून ठेवलेल्या फोल्डरातली नेमकी ईएक्सई फाइल.
४. ‘ब्लॉक द कनेक्शन’.
५. ‘डोमेन’, ‘प्रायव्हेट’, ‘पब्लिक’ या तीन टिका. इथे जरा थांबा, याबद्दल खाली सांगितलं आहे.
६. नाव मराठीत दिलं तरी चालतं. ‘अडवा – फोटो सिंक’ असं एकाच शब्दाने सुरू होणारं नाव दिलंत तर शंभरेक नियमांच्या गर्दीत तुमचे नियम एका जागी सापडतील.

प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, घड्याळाशेजारच्या बारक्या आयकॉनमधूनसुद्धा, आणि परत चालू करा. तो ‘ऑफलाइन’ म्हणाला आणि रिसोर्स मॉनिटरमध्ये त्याची ओळ दिसली नाही, तर नियम बसला.

आता त्या तीन टिका. तिन्ही ठेवल्या तर प्रोग्रॅम कायमचा अडतो, फायबरवरसुद्धा. पण आपल्याला तो फक्त हॉटस्पॉटवर अडवायचा आहे. फायबर आलं की व्हिडिओ खुशाल चढू देत. विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘प्रायव्हेट’ किंवा ‘पब्लिक’ असा शिक्का मारतं, त्याचाच उपयोग करा. फायबरच्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्याला ‘प्रायव्हेट’ करा, मोबाइलच्या हॉटस्पॉटला ‘पब्लिक’ ठेवा, आणि नियमात फक्त ‘पब्लिक’ची टिक राहू द्या. केबल तुटून हॉटस्पॉट जोडला की प्रोग्रॅम आपोआप अडतो, केबल जुळली की आपोआप सुटतो. काउंटरवर कोण बसलंय याला महत्त्व उरत नाही. नवीन फोन जोडला तर विंडोज ११ त्याला बहुधा ‘पब्लिक’च धरतं, म्हणजे चूक झाली तरी आपल्या बाजूने होते.

नियम घातला, तरी डेटा जातोच

कारणं ठरलेली आहेत. बहुतेक वेळा यातलंच एखादं निघतं.

अपडेटनंतर पत्ता बदलला. काही प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये न बसता वापरणाऱ्याच्या ‘ॲपडेटा’तल्या ‘लोकल’मध्ये बसतात, आणि प्रत्येक आवृत्तीसाठी नवीन फोल्डर करतात. फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा दिसला की ओळखा. फायरवॉलचा नियम पूर्ण पत्त्यावर चालतो, पत्त्यात तारांकन टाकून ‘या फोल्डरातलं काहीही’ असं सांगता येत नाही. अपडेट झालं की जुना नियम रिकाम्या घराला कुलूप लावून बसतो. अशा प्रोग्रॅमची ‘सगळ्या वापरकर्त्यांसाठी’ असलेली आवृत्ती मिळत असेल तर ती ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवा, तिथे पत्ता सहसा स्थिर राहतो. नसेल तर प्रत्येक अपडेटनंतर नियमातला पत्ता बदलणं आलं.

अपडेट करणारा वेगळा आहे. मुख्य ईएक्सई अडवली, पण अपडेटर ही दुसरी फाइल असते आणि ती स्वतंत्रपणे जागी होते. फोल्डरात किती ईएक्सई आहेत ते मोजा आणि नावावरून ज्या नेटवर जात असतील त्यांना एकेक नियम द्या.

खिडकी एकाची, रहदारी दुसऱ्याची. अलीकडचे बरेच प्रोग्रॅम आपली स्क्रीन विंडोजच्या एज ब्राउझरमधल्या ‘वेबव्ह्यू’ या सामायिक भागातून दाखवतात. अशा वेळी इंटरनेटवर जाते ती वेबव्ह्यूची प्रक्रिया, मूळ प्रोग्रॅम नव्हे. वेबव्ह्यूलाच अडवलं तर इतरही चार प्रोग्रॅमांच्या स्क्रीन पांढऱ्या पडतील. तेव्हा आधी रिसोर्स मॉनिटरमध्ये नक्की कोणाचं नाव आहे ते बघा आणि मग ठरवा. कधीकधी असा प्रोग्रॅम सुरुवातीला आपोआप चालू होण्याच्या यादीतून काढणं हाच सोपा उपाय असतो.

स्टोअरमधून घेतलेलं ॲप आहे. त्याची ईएक्सई ब्राउज करायला गेलं तर फोल्डरच उघडू देत नाही. नियम आधी ‘कस्टम’ प्रकाराने तयार करा, मग त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रोग्रॅम्स अँड सर्व्हिसेस’, तिथे ‘ॲप्लिकेशन पॅकेजेस’च्या ‘सेटिंग्ज’मधून ॲप निवडा. ही निवड राहून गेली तर तो नियम सगळ्यांनाच अडवतो, म्हणून निवड होईपर्यंत नियम ‘डिसेबल’ ठेवा.

बाहेरचं अँटिव्हायरस बसवलंय. त्याची स्वतःची फायरवॉल असेल तर विंडोजची बाजूला सरते आणि तिच्यात लिहिलेले नियम नुसते कागदावर राहतात. ‘विंडोज सिक्युरिटी’च्या पानावर फायरवॉलखाली कोणाचं नाव दिसतं ते पाहा, दुसऱ्याचं असेल तर नियमही तिथेच लिहावे लागतील.

प्रोग्रॅमने नियम स्वतःच पुसला. ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम फायरवॉलचे नियम घालू शकतो तसे काढूही शकतो. काउंटरवरच्या कॉम्प्युटरला रोजच्या वापरासाठी साधं ‘स्टँडर्ड’ खातं ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं. एवढं एक केलं नाही तर बाकीच्या मेहनतीला तसा अर्थ नाही.

आणि एक गोष्ट अडवू नका: ‘एसव्हीसी होस्ट’ नावाची विंडोजची फाइल. यादीत ती खूप डेटा खाताना दिसते म्हणून हात शिवशिवतात. पण आयपी पत्ता (नेटवर्कवर कॉम्प्युटरची ओळख असलेला आकडा) मिळवणं, नावावरून साइटचा पत्ता शोधणं, अपडेट आणणं, या सगळ्या सेवा तिच्यातूनच चालतात. ती अडवली की ‘वायफाय जोडलंय पण इंटरनेट नाही’ अशी अवस्था होते, आणि दोष मोबाइल कंपनीला दिला जातो.

बिलिंग स्वयंपाकघरापर्यंत जाऊ दे, बाहेर नको

काउंटरवर एक कॉम्प्युटर, स्वयंपाकघरात दुसरा, बिलिंगचा डेटा दोघांत फिरतो. त्या प्रोग्रॅमला सरसकट अडवलं तर स्वयंपाकघरात ऑर्डर पोचणार नाही. मनात पहिला विचार येतो तो दोन नियमांचा: एक ‘सगळं अडवा’, दुसरा ‘घरचं नेटवर्क चालू द्या’. हे विंडोजमध्ये जमत नाही. अडवणारा आणि सोडणारा नियम समोरासमोर आले की अडवणारा जिंकतो, मग क्रम कोणताही असो.

म्हणून अडवणारा एकच नियम लिहायचा आणि त्याची हद्द आखून द्यायची. नियमाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘स्कोप’, तिथे ‘रिमोट आयपी ॲड्रेस’खाली ‘ॲड’. घरचं नेटवर्क १९२.१६८ने सुरू होत असेल तर हे पट्टे द्या:

१.०.०.० ते १२६.२५५.२५५.२५५
१२८.०.०.० ते १९२.१६७.२५५.२५५
१९२.१६९.०.० ते २२३.२५५.२५५.२५५
आणि आयपीव्ही६साठी (नव्या तऱ्हेचे, जास्त लांब आयपी पत्ते): २०००::/३

आकडे इथे देवनागरीत छापले आहेत, खिडकीत मात्र इंग्रजी आकडेच टाइप करायचे. शेवटची ओळ विसरू नका. प्रोग्रॅमवर घातलेला साधा नियम दोन्ही तऱ्हेच्या पत्त्यांना लागतो, पण पत्ते लिहायला लागलात की जे लिहाल तेवढंच अडतं. मोबाइलच्या नेटवर आयपीव्ही६ सर्रास असतं. पहिल्या तीन ओळी घालून निश्चिंत बसलात तर प्रोग्रॅम मागच्या दाराने जात राहील. १२७ सोडलाय कारण तो कॉम्प्युटरचा स्वतःशी बोलायचा पत्ता. २२४च्या पुढचे मुद्दाम वगळले, कारण कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकमेकांना शोधतात ते तिथल्या पत्त्यांवरून.

एक खाच आहे. लाईट जाऊन राउटर बंद पडला की पत्ते वाटणारा कोणी उरत नाही, आणि कॉम्प्युटर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता आपणच घेऊन मोकळे होतात. तो आपण अडवलेल्या दुसऱ्या पट्ट्यात येतो. म्हणजे इन्व्हर्टरवर दोन्ही कॉम्प्युटर आणि मधला स्विच चालू असूनही बिलिंग ठप्प. दोन्ही कॉम्प्युटरना १९२.१६८मधले पक्के पत्ते देऊन ठेवा, मग ही वेळ येत नाही.

बिलिंगच्या बाबतीत आणखी एक: काही सॉफ्टवेअर ठराविक दिवसांनी आपलं लायसन्स ऑनलाइन तपासतात, आणि जीएसटीतले बदलही अपडेटमधूनच येतात. तेव्हा इथे वर सांगितलेली ‘फक्त पब्लिक’ची युक्ती वापरा, पण दुसरा कॉम्प्युटर ज्या केबलवर आहे ते नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे ना, एवढं पाहून घ्या. केबल आणि वायफाय एकाच वेळी जोडलेले असले तरी विंडोज दोघांचे शिक्के वेगवेगळे सांभाळतं.

सगळं बंद, निवडक चालू

फायरवॉलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये प्रत्येक शिक्क्यासाठी ‘आउटबाउंड कनेक्शन्स’ ‘ब्लॉक’ करता येतं. मग ज्याला परवानगीचा नियम आहे तोच बाहेर जाईल. ऐकायला हे फार छान वाटतं. प्रत्यक्षात काउंटरवरच्या कॉम्प्युटरला मी हे सुचवणार नाही, कारण पहिला आठवडा नुसते नियम घालण्यात जातो. ब्राउझर, मेल, दूरवरून मदत घेण्याचा प्रोग्रॅम, विंडोजचं अपडेट, प्रत्येकाला नियम हवा. घड्याळ जुळवणारी सेवासुद्धा यूडीपी १२३ या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या ठराविक क्रमांकाच्या दारातून, बाहेर जाते. तिला विसरलात आणि मदरबोर्डवरची बॅटरी संपली असेल, तर तारीख मागे जाते आणि प्रत्येक साइट ‘सर्टिफिकेट चुकीचं’ म्हणून दार लावते. कारण शोधायला अर्धा दिवस जातो. एकच काम करणारा कॉम्प्युटर असेल, समजा नुसता बिलाचा, तरच या वाटेला जा.

विंडोजची स्वतःची भूक

‘सिस्टम’ला आवरायचं साधन म्हणजे मीटर्ड कनेक्शन. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज उघडून ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. बहुतेक अपडेट थांबतात, अगदी गरजेचे तेवढे कधीकधी येतात. स्टोअरमधली ॲपही आपोआप अपडेट होत नाहीत. ही खूण त्या नावाच्या नेटवर्कपुरती असते. दुसऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट जोडला तर परत लावायची. यूएसबी केबलने टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं नेट केबलने कॉम्प्युटरला दिलं, तर विंडोजला ते वायफाय वाटत नाही, ‘इथरनेट’ वाटतं. तिथे वेगळी खूण.

बाकीचे प्रोग्रॅम मात्र ही खूण पाळतीलच असं नाही. पाळायचं की नाही हे प्रोग्रॅम बनवणाऱ्यावर आहे, म्हणून फायरवॉलचा नियम हवाच.

ज्या फोनचा हॉटस्पॉट, तो फोन

फोन स्वतःही खात असतो. अँड्रॉइडमध्ये ‘डेटा सेव्हर’ आहे, पण तो चालू असला की हॉटस्पॉट चालूच होत नाही, तेव्हा तो मार्ग इथे बंद. त्याऐवजी एकेका ॲपच्या माहितीत जाऊन ‘मोबाइल डेटा’खाली ‘बॅकग्राउंड डेटा’ बंद करा. ॲप उघडलं की मात्र ते नेट वापरणारच. काही कंपन्यांच्या फोनमध्ये मोबाइल डेटा आणि वायफाय ॲपवार पूर्ण तोडायची सोय सेटिंग्जमध्ये असते. असेल तर तीच वापरा. नसेल तर नेटगार्डसारखं ॲप फोनच्या आतच एक खोटा व्हीपीएन उभा करून निवडक ॲप अडवतं, त्यासाठी फोन ‘रूट’ करावा, म्हणजे त्याची कुलपं तोडून पूर्ण ताबा घ्यावा, लागत नाही. अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालवू देतं, म्हणून कामासाठी दुसरा व्हीपीएन लागत असेल तर दोन्ही जमणार नाहीत. अडवलेल्या ॲपची नोटिफिकेशन आली तर दचकू नका, ती गूगल प्ले सर्व्हिसेसमधून येतात.

आयफोनमध्ये ‘मोबाइल डेटा’च्या पानावर ॲपसमोरचं बटण बंद केलं की ते ॲप सिमवरून जात नाही. वायफायवरून जातं.

लिनक्स आणि मॅक

मॅकची अंगची फायरवॉल फक्त आत येणाऱ्यांना अडवते. बाहेर जाणाऱ्यांसाठी लुलू हे मोफत साधन पुरेसं आहे.

लिनक्सवर फ्लॅटपॅकमधून (ॲप वेगळ्या डब्यात बसवायची पद्धत) बसवलेलं ॲप असेल तर त्याच्या परवानग्या बदलणारं फ्लॅटसील उघडून ‘नेटवर्क’चं बटण बंद करा, काम झालं. नवीन नियम ॲप परत चालू केल्यावर लागतो. बाकीच्या प्रोग्रॅमसाठी ओपनस्निच बसवा. नवीन प्रोग्रॅम बाहेर निघाला की ते विचारतं, आणि उत्तर लक्षात ठेवतं. यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या साध्या फायरवॉलमध्ये ‘ॲप प्रोफाइल’ असा शब्द दिसतो म्हणून त्याच्या नादी लागू नका. ती प्रोफाइल म्हणजे पोर्टांची यादी आहे, कोणता प्रोग्रॅम बाहेर निघालाय हे तिला कळत नाही.